खरखरीचा माग : बोटीवरच्या रेडिओ-व्यत्ययाचा शोध

कॅलिफोर्नियात मॉन्टेरे उपसागराच्या काठी मॉस लँडिंग नावाचे एक लहान बंदर आहे. मासेमारीच्या बोटी, हौशी लोकांच्या शिडाच्या होड्या आणि समुद्रविज्ञानाच्या संशोधननौका तिथे एकमेकींना खेटून उभ्या असतात. २००१ सालच्या एप्रिलच्या सुमारास ‘पॉइंट सूर’ या संशोधननौकेच्या कप्तानाने तक्रार केली, की बंदरात जीपीएस चालत नाही. एखादा संच बिघडला असता तर प्रश्न तिथेच मिटला असता. पण अख्ख्या बंदराचीच ही अवस्था होती. उपग्रह आपल्या कक्षेत होते, संच धडधाकट होते, तरीही कोणाला आपली जागा समजत नव्हती.

मॉन्टेरेतच अमेरिकी नौदलाची पदव्युत्तर शिक्षणसंस्था आहे. तिथले अभियंते दिशा दाखवणारा अँटेना आणि स्पेक्ट्रम अॅनलायझर घेऊन धक्क्यावर उतरले. शोध लांबला, कारण उगम एकच आहे असे धरून चालण्याची सोय नव्हती. एक सापडला तरी त्रास उरत होता. शेवटी तीन उगम हाती लागले आणि तिन्ही एकाच जातीचे निघाले: टीव्हीचे अँटेना. दुबळा टीव्ही-संदेश मोठा करण्यासाठी अशा अँटेनाच्या पोटात एक छोटा अॅम्प्लिफायर असतो. तो स्वतःच आंदोलने करू लागला होता आणि जीपीएसच्या १५७५.४२ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात लहरी सोडत होता. या शोधाची हकीकत जानेवारी २००३ मध्ये ‘जीपीएस वर्ल्ड’ मासिकात छापून आली.

या प्रकरणात काहीही मोडलेले नव्हते. टीव्ही दिसत होता, दिवे लागत होते, आणि अँटेनाच्या मालकांना आपल्यामुळे शेजाऱ्यांची वाट हरवते आहे याची कल्पनाही नव्हती. बोटीवरचा रेडिओ-व्यत्यय बहुतेक वेळा असाच असतो. ज्याला त्रास होतो त्यात दोष नसतो, आणि ज्यात दोष असतो तो आपले नेमून दिलेले काम चोख करत असतो. म्हणून संशय चुकीच्या ठिकाणी जातो. वायरलेसवर खरखर आली की वायरलेस बदलला जातो, फिश फाइंडरच्या पडद्यावर रेघा आल्या की फिश फाइंडर दुरुस्तीला जातो, आणि हजारो रुपये खर्चून नवा संच बसवल्यावर तीच खरखर पुन्हा ऐकू येते. या पुस्तिकेचा सगळा आग्रह एकाच गोष्टीसाठी आहे. काही विकत घेण्याआधी शोध घ्यावा, आणि तो क्रमाने घ्यावा. त्यासाठी लागणारी साधने बहुतेक बोटींवर आधीपासूनच असतात.

शोध का घ्यावा लागतो हे कळण्यासाठी रेडिओ-संदेश किती क्षीण असतो ते पाहावे. बोटीवरचा व्हीएचएफ संच पूर्ण ताकदीने बोलतो तेव्हा २५ वॅट बाहेर टाकतो. ५० ओहमच्या केबलवर तेव्हा सुमारे ३५ व्होल्ट असतात. ऐकताना त्याच केबलवरून येणारा पाव मायक्रोव्होल्टचा संदेश त्याला पकडायचा असतो, म्हणजे एका व्होल्टचा चाळीस लाखांश भाग. जीपीएसची गोष्ट याहून नाजूक. उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर असतात आणि त्यांच्याकडून अँटेनापर्यंत पोहोचणारी शक्ती एका वॅटच्या अब्जांशाचा कोट्यंश इतकी उरते. निसर्गाच्या उष्णतेमुळे संचात जो मूळ गोंगाट असतो, त्याच्याही खाली हा संदेश दबलेला असतो. संचाचे गणित त्याला त्यातून वेचून काढते.

पहाटे ससून डॉकवर लिलाव रंगात आलेला असताना शेजारच्याने हळू आवाजात सांगितलेला भाव ऐकायचा, तशी ही स्थिती आहे. सांगणाऱ्याचा आवाज तेवढाच असतो, भोवतालचा गलका वाढला की तो बुडतो. रेडिओच्या हिशेबात गोंगाटाची पातळी ६ डेसिबेलने चढली तर मोकळ्या अवकाशात संदेश ऐकू येण्याचे अंतर निम्मे होते. आणि ६ डेसिबेल म्हणजे फार मोठी गडबड नव्हे. एखाद्या स्वस्त चार्जरची तेवढी कुवत असते.

समुद्रावर हे अंतर आधीच तोकडे असते. व्हीएचएफच्या लहरी साधारण क्षितिजापर्यंतच जातात. पाण्यापासून चार-चार मीटर उंचीवर अँटेना असलेल्या दोन बोटी एकमेकींना जेमतेम १६ किलोमीटरवरून ऐकू शकतात. किनाऱ्यावरच्या केंद्राचा अँटेना १०० मीटर उंचीवर असेल तर तेच अंतर ४९ किलोमीटरच्या घरात जाते. मदत मागणारा या सीमेच्या काठावर असेल, तर बोटीवरच्या एका दिव्यामुळे त्याची हाक ऐकू न येणे सहज शक्य आहे.

दिव्याचा उल्लेख मुद्दाम केला आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये अमेरिकी तटरक्षक दलाने सेफ्टी अलर्ट १३-१८ प्रसिद्ध केला. विषय होता बोटींवरचे एलईडी दिवे. दलाकडे आलेल्या तक्रारींनुसार हे दिवे लावले की व्हीएचएफ संच, डीएससी (आपत्कालीन हाक आकड्यांच्या रूपात पाठवणारी सोय) आणि एआयएस (जहाजांची ओळख व जागा कळवणारी प्रणाली) यांचे ऐकणे कमी होत होते. एका बंदराच्या सागरी बचाव केंद्राला एका जहाजाशी व्हीएचएफवर संपर्कच साधता आला नव्हता, आणि त्याच जहाजावर एआयएसचे ग्रहणही फार वाईट होते. दिशादर्शक दिवे, शोधदिवे, डेकवरचे प्रखर दिवे, केबिनमधले दिवे आणि शोभेच्या माळा या सगळ्यांचा समावेश त्या इशाऱ्यात होता. दिवा जितका अँटेनाजवळ, तितका धोका जास्त.

एलईडी स्वतः निरुपद्रवी असतो. त्रास देते ते त्याच्या पोटातले सर्किट. बोटीच्या १२ किंवा २४ व्होल्टच्या बॅटरीतून एलईडीला हवा तेवढाच प्रवाह देण्यासाठी ते सर्किट वीज सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद करते. प्रत्येक वेळी चालू-बंद होण्याची कड जितकी तीक्ष्ण, तितक्या वरच्या कंप्रतांपर्यंत तिचे पडसाद जातात. मोबाइलचा चार्जर, इन्व्हर्टर, सोलरचा एमपीपीटी कंट्रोलर, फ्रीजच्या कॉम्प्रेसरचा कंट्रोलर, लॅपटॉपचा पुरवठा या सगळ्यांची कामाची रीत हीच. त्यातून निघणारा गोंगाट बाहेर पडायला वाट शोधतो आणि ती वाट म्हणजे वायर. आपत्कालीन हाकेसाठी राखलेली १६ क्रमांकाची वाहिनी १५६.८ मेगाहर्ट्झवर आहे. तिथे तरंगलांबी १.९१ मीटर, म्हणजे तिचा चौथा भाग ४८ सेंटिमीटर. दिव्यापासून स्विचपर्यंत गेलेली अर्ध्या मीटरची साधी वायर या वाहिनीसाठी चांगला अँटेना ठरते, आणि प्रत्येक बोटीवर अशा डझनावारी वायरी असतात. त्यातून बोट फायबरची असेल तर भिंती या लहरींना अजिबात अडवत नाहीत.

त्या इशाऱ्यात दिलेली चाचणी इतकी सोपी आहे, की प्रत्येक तांडेलाने ती एकदा तरी करून पाहावी. सगळे एलईडी दिवे बंद करायचे. व्हीएचएफ संच एखाद्या शांत वाहिनीवर लावायचा. इशाऱ्यात उदाहरण म्हणून १३ क्रमांक दिला आहे. स्क्वेल्चचा नॉब खरखर ऐकू येईपर्यंत एका बाजूला फिरवायचा, मग हळूहळू उलटा आणायचा आणि खरखर नेमकी जिथे थांबते तिथे हात काढायचा. आता संच उंबरठ्यावर आहे. थोडाही गोंगाट वाढला तर तो बोलू लागेल. दिवे एकेक करून लावायचे. कोणत्या दिव्याला खरखर सुरू झाली तो दिवा नोंदवायचा. संच गप्प राहिला तर दिव्यांनी गोंगाटाची पातळी चढवलेली नाही. या चाचणीला उपकरण लागत नाही, फक्त दिवे लावायला एक माणूस आणि ऐकायला एक माणूस लागतो.

याच चाचणीचा विस्तार म्हणजे पुढच्या प्रकरणांत मांडलेली पद्धत. तिचा पाया आहे शांततेची नोंद. जेट्टीवर शेजारच्या बोटींचे चार्जर आणि किनाऱ्याची वीज असते, म्हणून बोट मोकळ्या पाण्यात नांगरून हे काम करावे. इंजीन बंद, इन्व्हर्टर बंद, स्विच पॅनेलवरचे सगळे ब्रेकर खाली, फक्त रेडिओ चालू. शक्य असेल तर रेडिओला वेगळी बॅटरी जोडावी. या अवस्थेत जे ऐकू येते ती त्या बोटीची शांतता. मग एकेक उपकरण चालू करायचे आणि प्रत्येक वेळी वहीत लिहायचे. दोन उपकरणे एकदम चालू करण्याचा मोह टाळावा, कारण मॉस लँडिंगप्रमाणे एकाहून अधिक उगम असणे हाच नियम आहे.

इथे एक फसगत ठरलेली असते. पॅनेलवरचा ब्रेकर खाली केला म्हणजे सगळे बंद झाले, असे वाटते. सोलरचा कंट्रोलर मात्र थेट बॅटरीला जोडलेला असतो आणि ऊन आहे तोवर त्याचे काम चालूच राहते. सोलर पॅनेलवर जाड ताडपत्री टाकून पाहावे. खरखर थांबली तर उगम सापडला. कंट्रोलर सोडवायचाच असेल तर बहुतेक बनावटींत आधी सोलर पॅनेलची जोडणी काढावी, मग बॅटरीची. बिल्जपंपाचा फ्लोट स्विच, गॅसचा अलार्म, स्टिरिओची स्मृती, टीव्हीच्या अँटेनाचा अॅम्प्लिफायर यांचीही तीच कथा. ब्रेकर खाली असतानाही ते जागे असू शकतात.

शांतता आणि उगम यांच्यामध्ये आणखी एक प्रश्न असतो. गोंगाट आत शिरतो कोणत्या वाटेने? संचाच्या मागचा अँटेनाचा कनेक्टर काढून पाहावा. खरखर गेली तर ती अँटेनातून येत होती. तशीच राहिली तर ती विजेच्या वायरीतून येत आहे. एवढ्या एका कृतीने निम्मी शक्यता बाद होते. मात्र अँटेना काढलेला असताना बोलण्याचे बटण दाबायचे नाही, नाहीतर संचाचा शेवटचा टप्पा जळू शकतो. ही सूचना पुस्तिकेत वारंवार येते, आणि ती मुद्दाम वारंवार दिलेली आहे.

वाट कळली की नाक लावून हुंगायचे काम सुरू होते. मीडियम वेव्हचा जुना ट्रान्झिस्टर दोन स्टेशनांच्या मधल्या मोकळ्या जागी लावावा आणि वायरींच्या कडेकडेने फिरवावा. चार्जर किंवा इन्व्हर्टरजवळ गेला की तो ओरडू लागतो. व्हीएचएफच्या पट्ट्यातला गोंगाट शोधायला हातात धरायचा व्हीएचएफ संच बरा. तो बॅटरीवर चालतो, त्यामुळे बोटीच्या वायरिंगशी त्याचा संबंध नसतो. ज्यांना खोलात जायचे आहे त्यांच्यासाठी संगणकाला लावायचे छोटे एसडीआर रिसीव्हर आता स्वस्तात मिळतात. त्यांच्यामुळे गोंगाट पडद्यावर दिसतो, आणि कॉम्प्रेसर सुरू होताच पट्टा कसा भरून जातो ते उघड होते.

अनुभवी वायरमन कानानेच अर्धे निदान करतो. इंजिनाच्या वेगाबरोबर चढणारी-उतरणारी शिट्टी अल्टरनेटरची. पेट्रोलच्या आउटबोर्डबरोबर वेग घेणारी टकटक प्रज्वलनाच्या ठिणग्यांची. डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही, म्हणून त्याच्या बाबतीत हा संशय धरायचा नाही. ठरावीक वेळाने सुरू होऊन आपोआप थांबणारा गुणगुणाट बहुधा फ्रीजचा. बोट हलली की येणारी आणि नांगरावर शांत होणारी चरचर सैल किंवा गंजलेल्या सांध्यांची असते, कारण दोन धातूंच्या मधला गंज रेडिओच्या लहरींशी स्वतःचा खेळ करतो. प्रोपेलरचा शाफ्ट फिरतानाच उमटणारी चरचर असेल तर शाफ्टला बोटीच्या अर्थिंगशी नीट जोडणारा ब्रश आहे का, ते पाहावे.

कोकणातल्या मच्छीमारांना सर्वांत जवळचा भाग फिश फाइंडरचा आहे. त्याचा ट्रान्सड्यूसर बहुधा ५० आणि २०० किलोहर्ट्झवर काम करतो, आणि अनेक इन्व्हर्टर व चार्जर यांच्या चालू-बंद होण्याची कंप्रता याच परिसरात असते. पडद्यावर तिरप्या ठिपक्यांच्या रेघा आल्या तर जवळच्या दुसऱ्या बोटीचा फिश फाइंडरही कारण असू शकतो. बोट वेगात असताना पडदा भरून जातो तेव्हा एक गोंधळ नेहमी होतो: हा विजेचा गोंगाट की ट्रान्सड्यूसरखाली आलेले बुडबुडे? उत्तर सोपे आहे. बोट उभी ठेवून गिअर न्यूट्रलमध्ये टाकायचा आणि इंजीन चढवायचे. पडदा तेव्हाही खराब झाला तर दोष विजेचा. उभ्या बोटीत स्वच्छ राहिला आणि चालताना बिघडला तर पाण्याचा प्रवाह आणि ट्रान्सड्यूसरची जागा तपासावी. या एका फरकाने अनेक निरोगी संच दुकानात जाण्यापासून वाचतील.

खरखर ऐकू येते तोवर ठीक, कारण ती निदान सावध तरी करते. काही उपकरणांवर व्यत्यय आवाज न करता काम करतो आणि तो जास्त घातक. एआयएस १६१.९७५ आणि १६२.०२५ मेगाहर्ट्झवर आकड्यांत बोलते. गोंगाट वाढला की लांबच्या जहाजांचे संदेश गाळले जातात आणि पडद्यावर जहाजे कमी दिसतात, एवढेच. कोणताही इशारा येत नाही. बोटीचा स्वतःचा संदेश बाहेर जात राहतो, त्यामुळे इतरांना ती दिसते आणि तिच्या तांडेलाला इतर दिसत नाहीत. एकाच जागी, एकाच वेळी दिवे बंद आणि दिवे चालू अशा दोन्ही अवस्थांत किती जहाजे दिसतात आणि सर्वांत लांबचे किती मैलांवर आहे, हे लिहून ठेवले की हा मुका व्यत्यय उघडा पडतो.

हवामानाचे इशारे छापून देणारे नॅव्हटेक्स ५१८ किलोहर्ट्झवर चालते, आणि भारताच्या नॅव्हटेक्स साखळीत वेंगुर्ला पॉइंटचे केंद्र आहे. २५९ किलोहर्ट्झवर चालू-बंद होणाऱ्या कन्व्हर्टरच्या कंप्रतेची दुप्पट नेमकी ५१८ वर पडते. संदेशात अक्षरांऐवजी चांदण्या छापल्या जाऊ लागल्या, तर किनाऱ्यावरच्या केंद्राला दोष देण्याआधी स्वतःच्या बोटीवरचे कन्व्हर्टर एकेक बंद करून पाहावेत.

त्रास उलट्या दिशेनेही होतो. बोलण्याचे बटण दाबताच ऑटोपायलट भरकटतो, गॅसचा अलार्म वाजतो, एखादा मीटर उडी मारतो. यात बोटीचा स्वतःचा प्रक्षेपकच शेजारच्या वायरींत शिरत असतो. आधी १ वॅटवर, मग २५ वॅटवर बोलून पाहिले की हे लक्षात येते. कंपासच्या बाबतीत तर रेडिओचीही गरज नाही. त्याच्यापासून १० सेंटिमीटरवरून जाणाऱ्या एकेरी वायरीत १० अँपिअरचा प्रवाह असेल, तर तिथे २० मायक्रोटेस्लाचे चुंबकीय क्षेत्र तयार होते. कोकणच्या किनाऱ्यावर पृथ्वीच्या क्षेत्राचा आडवा भाग साधारण ३८ मायक्रोटेस्ला आहे. म्हणजे एका चुकीच्या जागी नेलेल्या वायरीने सुई पंचवीस-तीस अंशांनी फिरू शकते. जाणारी आणि येणारी वायर एकमेकींना पीळ घालून नेली, की दोघींची क्षेत्रे एकमेकांना बव्हंशी खोडून काढतात.

अशा व्यत्ययाचा एक जुना आणि मोठा दाखला महाराष्ट्राच्याच किनाऱ्यावर आहे. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी १८४१ पासून चालत आली होती. शहरात विजेच्या ट्राम येणार हे ठरले, तेव्हा ट्रामच्या प्रवाहाने ही मोजणी बिघडेल हे संचालक नानाभॉय फ्रामजी मूस यांनी ओळखले आणि नवी वेधशाळा अलिबागला उभी राहिली. इमारतीसाठी चुंबकीय गुण नसलेला दगड निवडला गेला. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे कुलाबा आणि अलिबाग या दोन्ही ठिकाणी एकाच वेळी मोजणी करून जुनी आणि नवी मालिका जुळवून घेण्यात आली. विजेच्या ट्राम मुंबईत १९०७ मध्ये धावू लागल्या. त्रास सुरू होण्याआधीची शांत नोंद हाती असणे, आणि उगमापासून दूर जाणे हा पहिला उपाय मानणे, या दोन्ही गोष्टी तिथे सव्वाशे वर्षांपूर्वीच घडल्या.

समुद्रावरच्या रेडिओचा इतिहासही व्यत्ययापासूनच सुरू होतो. १९०१ मध्ये न्यूयॉर्कजवळ अमेरिका कप ही शिडाच्या बोटींची शर्यत झाली, तेव्हा मार्कोनी, डी फॉरेस्ट आणि आणखी एक अशा तीन कंपन्या बिनतारी यंत्रणेने बातम्या पाठवायला सरसावल्या. त्यांचे प्रक्षेपक एकमेकांवर चढले आणि संदेशांचा विचका झाला. पुढे १९३४ मध्ये व्यत्ययाच्या मर्यादा ठरवण्यासाठी ‘सीआयएसपीआर’ ही आंतरराष्ट्रीय समिती कामाला लागली. आज जहाजावरच्या दिशादर्शन आणि संपर्क उपकरणांसाठी ‘आयईसी ६०९४५’ हे मानक आहे. त्यात १५६ ते १६५ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यासाठी उत्सर्जनाची मर्यादा शेजारच्या पट्ट्यांपेक्षा कितीतरी कडक ठेवली आहे, कारण याच पट्ट्यात आपत्कालीन हाक आणि एआयएस आहेत. बाजारातून आणलेल्या मोटारीच्या चार्जरवर किंवा घरगुती एलईडी पट्टीवर हे मानक लागू नसते. ती वस्तू घरात निर्दोष ठरते आणि अँटेनापासून एका हातावर टांगली की उपद्रव देते.

व्यत्यय नेहमी स्वतःच्याच बोटीवरचा असतो असेही नाही. जून २०१७ मध्ये काळ्या समुद्रात नोव्होरोसिस्कजवळ वीसहून अधिक जहाजांच्या जीपीएसने आपली जागा किनाऱ्यावरच्या विमानतळावर दाखवली. अशा वेळी स्वतःच्या बोटीवरचे ब्रेकर खाली-वर करून काही निष्पन्न होत नाही. म्हणून शोधाच्या सुरुवातीलाच तीन प्रश्न विचारावेत: शेजारच्या बोटीवर हेच होते आहे का, बोटीची सगळी वीज तोडली तरी हातातल्या संचावर ते दिसते का, आणि बोट दोन-तीन मैल सरकवली की ते बदलते का. उत्तरे नोंदवून तटरक्षक दलाला कळवली, तर ती पुढच्या माणसाच्या कामी येतात.

उपायांचे प्रकरण मोठे आहे, कारण त्यात साहित्य आणि हातकाम दोन्ही आले. क्रम मात्र ठरलेला असावा. पहिला उपाय अंतर: दिवा, चार्जर किंवा वायर अँटेनापासून आणि त्याच्या केबलपासून दूर नेणे. दुसरा, वायरींना पीळ घालणे आणि विजेच्या वायरी कोअॅक्सपासून वेगळ्या वाटेने नेणे. तिसरा, फेराइट. वायरीवर बसवायचा हा काळा गोल तुकडा उगमाच्या अगदी जवळ बसवावा लागतो. वायर त्यातून एकदा नेण्याऐवजी तीनदा फिरवली तर कमी कंप्रतांना त्याचा अडसर जवळपास नऊपट होतो. फेराइटचेही प्रकार असतात. ३१ क्रमांकाचे मिश्रण कमी कंप्रतांपासून कामाला येते, तर ४३ क्रमांकाचे व्हीएचएफसाठी वापरतात. कोणताही तुकडा आणून अडकवल्याने निराशा पदरी पडते. चौथा उपाय फिल्टर. आणि पाचवा, तो उपद्रवी चार्जर किंवा दिवा काढून चांगल्या बनावटीचा बसवणे. कित्येकदा हाच सर्वांत स्वस्त पडतो.

या सगळ्याआधी अँटेनाची केबल तपासावी. खारे पाणी कनेक्टरमधून आत शिरले की केबलच्या जाळीतून पुढे सरकत जाते. टोक कापून पाहावे. जाळी तांबूस चकचकीत असेल तर ठीक. ती काळी किंवा हिरवट दिसली तर केबल गेली. अशा केबलने संदेश आधीच निम्मा खाल्लेला असतो आणि मग साधा गोंगाटही डोईजड होतो.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर या विषयाला आज नवे निमित्त आहे. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरमध्ये मच्छीमार नौकांसाठी संपर्क व साहाय्य प्रणालीचा देशपातळीवर प्रारंभ झाला. तिच्यात तेरा किनारी राज्ये व केंद्रशासित प्रदेशांतल्या नौकांवर टप्प्याटप्प्याने एक लाख ट्रान्सपॉन्डर बसवायचे आहेत. त्यांच्यामुळे समुद्रात असताना दोन्ही बाजूंनी संदेश पाठवता येतील. ज्या व्हीलहाऊसमध्ये कालपर्यंत एक वायरलेस आणि एक जीपीएस होता, तिथे आता फिश फाइंडर, एआयएस, ट्रान्सपॉन्डर, मोबाइलचे चार्जर आणि एलईडीचे प्रखर दिवे अर्ध्या मीटरच्या आत गोळा होत आहेत. ही उपकरणे जीव वाचवण्यासाठी आहेत. त्यांनी एकमेकांना बहिरे करू नये, एवढी काळजी बसवतानाच घेता येते. तरीही वादळात अडकलेल्याने १५५४ या तटरक्षक क्रमांकावर किंवा १६ क्रमांकाच्या वाहिनीवर मदत मागण्यात क्षणाचाही उशीर करू नये. व्यत्ययाचा शोध हे किनाऱ्यावर आणि शांत पाण्यात करायचे काम आहे.

त्याला उत्तम वेळ आहे पावसाळी बंदीची. १ जूनपासून यांत्रिक बोटी किनाऱ्याला लागतात, जाळी विणली जातात, इंजिने उघडली जातात. याच दिवसांत पॅनेल उघडून वायरी हाताने चाचपाव्यात, कनेक्टर काढून पाहावेत आणि बोट पुन्हा पाण्यात गेली की पहिल्याच मोकळ्या दिवशी शांततेची नोंद करावी.

ज्यांच्या बोटीवर आजच खरखर आहे त्यांनी सरळ चाचण्यांच्या प्रकरणापासून वाचायला सुरुवात करावी आणि सिद्धांत नंतर वाचावा. वायरमन आणि दुरुस्ती करणाऱ्यांनी फेराइट व फिल्टरच्या प्रकरणातले आकडे जवळ ठेवावेत. नवी फायबरची बोट बांधून घेणाऱ्या नाखव्याने मात्र शेवटचे प्रकरण आधी वाचावे. त्यात अँटेनाच्या केबलची वाट, विजेच्या वायरींची वाट आणि चार्जरची जागा आखून दिलेली आहे. हा आराखडा अस्तराचे फायबर भरण्याआधी कारागिराच्या हाती असायला हवा, कारण अस्तर बंद झाल्यावर केबल हलवायची तर बोट फोडावी लागते.